दुसऱ्या खुर्चीचे मोल : व्यावसायिक फुटबॉलमधील अनुभवी सहाय्यक प्रशिक्षक

व्यावसायिक फुटबॉलमध्ये संघाच्या यशापयशाचे सारे खाते मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर मांडण्याची रीत आहे. करंडक जिंकला की छायाचित्र त्याचे छापून येते आणि ओळीने चार सामने हरले की गच्छंतीही त्याचीच होते. त्याच्या शेजारी बसणारा सहाय्यक प्रशिक्षक मात्र, आठवड्यातील बहुतेक दिवस खेळाडूंच्या सर्वांत जवळ तोच असूनही, बातमीत येतो तो बहुधा शेवटच्या ओळीत. या माणसाच्या गाठीशी असलेल्या अनुभवाचे मोल किती, ते केव्हा वाढते, केव्हा वाया जाते आणि मुळात ते मोजता येते काय, हे प्रश्न क्लबांच्या संचालक मंडळांत जितक्या गांभीर्याने विचारले जायला हवेत तितके विचारले जात नाहीत. या विषयाची सर्वांत विपुल सामग्री इंग्लंडच्या गेल्या साठ वर्षांच्या इतिहासात सापडत असल्याने प्रस्तुत आढाव्याचा मोठा भाग तिथला आहे; परंतु हा प्रश्न आता भारतातही, आणि त्यातही गोवा आणि मुंबईच्या फुटबॉलमध्ये, जिवंत झालेला असल्याने शेवटी त्याचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

‘अनुभवी’ हे विशेषण इथे किमान तीन वेगवेगळ्या माणसांना लावले जाते आणि त्यांची सरमिसळ झाली की चर्चा भरकटते. एक तो, ज्याने पूर्वी स्वतः मुख्य प्रशिक्षकपद सांभाळले आहे आणि आता दुसऱ्याच्या हाताखाली काम करतो; दुसरा तो, ज्याने सारी कारकीर्द सहाय्यक म्हणूनच घालवली आणि त्या कामात हातखंडा मिळवला; आणि तिसरा तो, जो एकाच क्लबमध्ये वर्षानुवर्षे राहिला, ज्याच्या डोळ्यांदेखत पाच-सहा मुख्य प्रशिक्षक आले आणि गेले. पहिल्याकडे निर्णयाच्या ओझ्याची जाण असते, दुसऱ्याकडे सरावाच्या मैदानावरचे कसब असते आणि तिसऱ्याकडे संस्थेची स्मृती असते. तिन्ही गुण एका माणसात एकवटल्याची उदाहरणे आहेत, पण ती विरळा.

सहाय्यकाचे रोजचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा बरेच पसरलेले असते. सरावाची आखणी करणे, कोणत्या दिवशी किती कस लावायचा ते ठरवणे, प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचे विश्लेषण खेळाडूंना पचेल अशा रूपात पोहोचवणे, संघनिवडीवर मत देणे आणि सामना चालू असताना मुख्य प्रशिक्षकाच्या नजरेतून निसटलेली गोष्ट टिपणे, ही त्याची कामे उघड आहेत. खेळाच्या नियमांनुसार बाकांसमोर आखलेल्या चौकटीतून एका वेळी एकाच व्यक्तीला डावपेचांच्या सूचना देता येतात. त्यामुळे एक जण उभा राहून ओरडत असताना शांतपणे बसून खेळ वाचणारा दुसरा माणूस लागतोच. याखेरीज एक काम असे आहे, जे कोणत्याही करारपत्रात लिहिलेले नसते. संघातून वगळलेला खेळाडू ज्याने त्याला वगळले त्याच्यापाशी मन मोकळे करत नाही; तो सहाय्यकाकडे जातो. निवडीचा शेवटचा अधिकार हाती नसणे ही सहाय्यकाची उणीव वाटली, तरी खेळाडूंच्या पोटातले ओठांवर येते ते त्या उणिवेमुळेच, आणि त्यातले किती वर सांगायचे आणि किती पोटात ठेवायचे याचा विवेक वर्षानुवर्षांच्या सवयीनेच येतो.

अलेक्स फर्ग्युसन यांचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. स्कॉटलंडमध्ये अॅबरडीनचे मॅनेजर असताना ते सारे सराव स्वतःच घेत. मग मला इथे आणले कशासाठी, असे त्यांच्या सहाय्यकाने त्यांना तोंडावर विचारले आणि फर्ग्युसन यांनी, काहीशा नाखुशीने, सराव त्याच्यावर सोपवून बाजूला उभे राहायला सुरुवात केली. कडेला उभे राहिल्यावर खेळाडूच्या सवयीतला, उत्साहातला बारीकसा बदलही दिसू लागतो, हे त्यांच्या ध्यानात आले आणि पुढे मँचेस्टर युनायटेडमधील सव्वीस वर्षे त्यांनी हीच पद्धत राबवली. मुख्य प्रशिक्षकाला पाहण्याची उसंत मिळवून देणे हे सहाय्यकाचे पहिले देणे आहे. परंतु ती उसंत तेव्हाच मिळते, जेव्हा सराव घेणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास टाकता येतो.

हा विश्वास कशावर उभा राहतो, ते २००८ च्या वसंतात दिसले. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत युनायटेडची गाठ बार्सिलोनाशी होती आणि बचावाची आखणी फर्ग्युसन यांचे सहाय्यक कार्लोस केइरोश यांच्याकडे होती. संघातील बचावपटू गॅरी नेव्हिल यांनी नंतर लिहिल्याप्रमाणे केइरोश यांनी पोटाच्या व्यायामासाठी वापरल्या जाणाऱ्या चटया सरावाच्या मैदानावर अंथरल्या. प्रत्येक चटई म्हणजे एकेका खेळाडूची जागा, तीही हातभर इकडेतिकडे न होणारी. मग चेंडू हातात धरून, चालत-चालत, त्याच हालचालींची उजळणी पुन्हा पुन्हा करून घेण्यात आली. कंटाळवाणा असा हा सराव होता, पण बार्सिलोनाला दोन्ही सामने मिळून एकही गोल करता आला नाही, पॉल स्कोल्स यांच्या एकमेव गोलवर युनायटेड अंतिम फेरीत पोहोचले आणि मॉस्कोमध्ये चेल्सीला पेनल्टींवर हरवून विजेते ठरले. केइरोश त्याआधी पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाचे आणि रेआल माद्रिदचे मुख्य प्रशिक्षक राहिलेले होते. ताऱ्यांनी भरलेल्या संघाला चटयांवर उभे करण्याची हिंमत आणि ते का करायचे ते पटवून देण्याची हातोटी, या दोन्ही गोष्टी नवख्या सहाय्यकाकडे सहसा नसतात.

संस्थेची स्मृती जपणारा सहाय्यक म्हणजे काय, याचा वस्तुपाठ लिव्हरपूलने घालून दिला. डिसेंबर १९५९ मध्ये बिल शँकली क्लबचे मॅनेजर झाले तेव्हा संघ दुसऱ्या विभागात खितपत पडला होता आणि नव्या मॅनेजरने जुने प्रशिक्षक काढून आपली माणसे आणावीत, हीच तेव्हाची रूढी होती. शँकली यांनी ती मोडली. बॉब पेझ्ली, जो फेगन आणि रूबेन बेनेट या आधीपासून असलेल्या प्रशिक्षकांना त्यांनी कायम ठेवले, आणि अॅनफील्ड मैदानावरील बूट ठेवण्याच्या एका कोंदट खोलीत, बिअरच्या क्रेटवर बसून संघाविषयी बोलण्याची जी प्रथा या मंडळींनी पाडली, तिला पुढे ‘बूट रूम’ हे नाव कायमचे चिकटले. सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी संघाच्या प्रशिक्षकांनाही तिथे पाहुणचारासाठी बोलावले जाई आणि गप्पांच्या ओघात त्यांच्या खेळाडूंची, दुखापतींची, नव्याने पुढे येणाऱ्या मुलांची माहिती हाती लागे. दररोजच्या सरावाच्या नोंदी वह्यांत लिहून ठेवल्या जात; एखाद्या हंगामात संघ थकलेला दिसला, तर मागच्या चांगल्या हंगामात त्याच आठवड्यात काय केले होते ते उघडून पाहता येई.

या व्यवस्थेची खरी कसोटी जुलै १९७४ मध्ये लागली. शँकली यांनी अचानक राजीनामा दिला आणि मुळीच इच्छुक नसलेल्या पेझ्ली यांच्याकडे सूत्रे आली. १९३९ मध्ये खेळाडू म्हणून क्लबमध्ये दाखल झालेल्या, पुढे दुखापतींवर उपचार करणारे, राखीव संघ सांभाळणारे आणि मग शँकली यांचे सहाय्यक झालेल्या या माणसाने नऊ हंगामांत सहा लीग विजेतेपदे आणि १९७७, १९७८ आणि १९८१ असे तीन वेळा युरोपियन चषक मिळवला. त्यांच्यामागून आलेले फेगन पहिल्याच हंगामात, १९८३–८४ मध्ये, लीग, लीग चषक आणि युरोपियन चषक असे तिहेरी यश मिळवून गेले. १९८५ मध्ये केनी डॅलग्लिश यांच्याकडे खेळता-खेळताच मॅनेजरपद आले. त्यांना त्या कामाचा कोणताही अनुभव नव्हता, परंतु रॉनी मोरान आणि रॉय इव्हान्स हे बूट रूममधील सहाय्यक जागेवर होते आणि पेझ्ली सल्लागार म्हणून पाठीशी होते. त्या पहिल्याच हंगामात लिव्हरपूलने लीग आणि एफए चषक दोन्ही जिंकले. नवख्या मुख्य प्रशिक्षकाभोवती मुरलेले सहाय्यक उभे केले की काय होते, याचा याहून स्वच्छ पुरावा फुटबॉलच्या इतिहासात शोधून सापडणे कठीण आहे.

अर्थात या उदाहरणाचा दुसरा भागही सांगायला हवा. ती खोली १९९३ मध्ये पत्रकारांच्या सोयीसाठी पाडण्यात आली आणि त्याच परंपरेत वीस वर्षे घालवलेले रॉय इव्हान्स १९९४ मध्ये मॅनेजर झाले, तेव्हा संघाने सुंदर खेळ केला, पण लीग विजेतेपद काही मिळवले नाही. दरम्यान युरोपातील आहार, शरीरशास्त्र आणि डावपेच यांविषयीचे ज्ञान फार पुढे गेले होते. आपल्याच वह्यांतून शिकणारी संस्था जोवर बाहेरच्यांच्या पुढे असते, तोवर ती स्मृती हे बळ ठरते. बाहेरचे पुढे गेले की तीच स्मृती कुंपण होते.

ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर यांची जोडी निराळ्या प्रकारची होती. मिडल्सब्रो संघात खेळताना जमलेली ही मैत्री १९६५ मध्ये हार्टलपूल्समध्ये कामाला लागली आणि १९६७ पासून डर्बी काउंटीत तिने दुसऱ्या विभागातील संघाला १९७२ मध्ये इंग्लंडचा विजेता केले. क्लफ हे वाणीने आणि व्यक्तिमत्त्वाने खेळाडूंना पेटवणारे, तर टेलर हे माणसांची पारख करणारे. कोणत्या खेळाडूत काय दडलेले आहे आणि तो कोणत्या जागी खेळावा, हे ओळखणारी टेलर यांची नजर असामान्य होती. १९७४ मध्ये क्लफ विजेत्या लीड्स युनायटेडचे मॅनेजर झाले, टेलर मात्र दोघांच्या आधीच्या ब्रायटन क्लबमध्येच राहिले, आणि अवघ्या ४४ दिवसांत, सहा लीग सामन्यांपैकी एकच जिंकून, क्लफ यांना जावे लागले. पुढे १९७६ मध्ये टेलर नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये क्लफ यांच्या सोबतीला आले तेव्हा तो संघ दुसऱ्या विभागात होता. १९७७ मध्ये बढती, १९७८ मध्ये लीग विजेतेपद, १९७९ आणि १९८० मध्ये लागोपाठ युरोपियन चषक, असा तो अविश्वसनीय क्रम आहे. आघाडीवीर म्हणून खेळणाऱ्या आणि बेशिस्तीसाठी कुप्रसिद्ध असलेल्या केनी बर्न्स यांना घेण्यापूर्वी टेलर यांनी वेषांतर करून, ते जिथे पैज लावायला जात त्या कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानावर, त्यांच्यावर पाळत ठेवली होती. बर्न्स फॉरेस्टमध्ये बचावपटू झाले आणि १९७८ मध्ये इंग्लंडमधील वर्षाचे सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरले.

लीड्समधील अपयश केवळ टेलर यांच्या अनुपस्थितीमुळे आले, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. क्लफ यांनी त्या संघावर आधी जाहीर टीका केलेली होती आणि खेळाडूंची मने दुखावलेली होती. तरीही टेलर १९८२ मध्ये निवृत्त झाल्यानंतर फॉरेस्टने क्लफ यांच्या हाताखाली दोन लीग चषक जिंकले, पण लीग विजेतेपद किंवा युरोपियन चषक पुन्हा कधी मिळवला नाही, ही वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. दोघांचे पुढे एका खेळाडूच्या खरेदीवरून बिनसले आणि १९९० मध्ये टेलर यांचे निधन होईपर्यंत अबोला टिकला. फुटबॉलच्या इतिहासातील ही सर्वांत दुःखद फूट म्हणायला हवी, कारण यांतील एकालाही दुसऱ्यावाचून तसे यश लाभले नाही.

सहाय्यकपद ही मुख्य पदाकडे जाणारी पायरी आहे, असे सर्रास समजले जाते. डॉन हाउ यांची कारकीर्द या समजाला चांगलाच छेद देते. मूळचे फिजिओथेरपिस्ट असलेले बर्टी मी आर्सेनलचे मॅनेजर असताना मैदानावरचे सारे शिक्षण हाउ यांच्याकडे होते आणि १९७०–७१ मध्ये आर्सेनलने लीग आणि एफए चषक असा दुहेरी मान मिळवला. त्याच उन्हाळ्यात हाउ वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे मॅनेजर म्हणून गेले. दोन वर्षांत तो संघ खालच्या विभागात घसरला, तर आर्सेनलला पुढचे लीग विजेतेपद मिळवायला १९८९ उजाडले. यानंतर हाउ पुन्हा आपल्या खऱ्या कामाकडे वळले. १९८८ मध्ये विंबल्डनसारख्या लहानशा क्लबने बलाढ्य लिव्हरपूलला हरवून एफए चषक जिंकला, तेव्हा बाकावर मॅनेजर बॉबी गुल्ड यांच्या शेजारी हाउ होते. १९९० च्या विश्वचषकात आणि १९९६ च्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंड उपांत्य फेरीत पोहोचले, तेव्हाही राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात ते होते. अशा माणसाला ‘मुख्य प्रशिक्षक म्हणून जमले नाही’ असा शेरा मारणे म्हणजे त्याच्या कामाचे स्वरूपच न कळणे होय. शिकवणे, पारखणे आणि सांधणे ही एक विद्या आहे. निर्णय घेऊन त्याचे परिणाम एकट्याने सोसणे ही दुसरी.

ब्रायन किड यांच्याबाबतीत हेच अधिक ठळकपणे घडले. डिसेंबर १९९८ मध्ये फर्ग्युसन यांची साथ सोडून ते ब्लॅकबर्नचे मॅनेजर झाले आणि हंगामाअखेर ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. इथे प्रस्तुत विषयाला अडचणीचा ठरणारा एक मुद्दा येतो. किड गेल्यावर युनायटेडचे काहीच बिघडले नाही. उलट फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेल्या स्टीव्ह मॅक्लारेन यांच्या साथीने त्याच हंगामात संघाने ऐतिहासिक तिहेरी विजेतेपद मिळवले. म्हणजे मुख्य प्रशिक्षक भक्कम असेल आणि नवा सहाय्यक तोलामोलाचा असेल, तर माणूस बदलूनही काम चालते, किंबहुना नव्या आवाजाने खेळाडूंना तरतरी येते. फर्ग्युसन यांनी आर्ची नॉक्स यांच्यापासून माइक फेलन यांच्यापर्यंत अनेक सहाय्यक पाहिले, आणि त्यांचे सातत्य त्यांपैकी एकावर अवलंबून नव्हते. किड यांनीही पुढे मँचेस्टर सिटीत २००९ ते २०२१ अशी बारा वर्षे मान्चिनी, पेलेग्रिनी आणि ग्वार्डिओला या तिघांच्या हाताखाली काढली आणि तीन परदेशी मुख्य प्रशिक्षकांना इंग्लिश फुटबॉलशी जोडणारा सांधा म्हणून काम केले.

सहाय्यकाचे मोल तो गेल्यावर कळते, या समजुतीची परीक्षा घेण्याजोगी तीन उदाहरणे अलीकडच्या काळातली आहेत. ११ नोव्हेंबर २०१० रोजी चेल्सीने कार्लो आन्चेलोत्ती यांचे सहाय्यक रे विल्किन्स यांना तडकाफडकी दूर केले. विल्किन्स हे क्लबचे जुने कर्णधार. मिलानमध्ये खेळल्याने त्यांना इटालियन येत होते आणि इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या आन्चेलोत्तींचे ते ड्रेसिंग रूममधील कान आणि तोंड दोन्ही होते. त्या दिवशी चेल्सी गुणतक्त्यात अव्वल होती. तीन दिवसांनी घरच्या मैदानावर संडरलँडकडून ती ०–३ अशी हरली, हिवाळाभर घसरत गेली आणि मे २०११ मध्ये आन्चेलोत्तीही गेले. मात्र याच काळात फ्रँक लॅम्पार्ड दुखापतीमुळे बाहेर होते आणि संडरलँडविरुद्ध जॉन टेरीही नव्हते, हे सांगितल्याशिवाय हिशेब प्रामाणिक होत नाही. दुसरे उदाहरण २०१३ चे. फर्ग्युसन निवृत्त झाले, त्यांच्या जागी आलेल्या डेव्हिड मॉइज यांनी एव्हर्टनमधील आपले सहकारी सोबत आणले आणि फेलन, रेने म्यूलेनस्टीन आणि गोलरक्षकांचे प्रशिक्षक एरिक स्टील हे तिघेही बाहेर पडले. आदल्या हंगामात ११ गुणांच्या आघाडीने विजेता ठरलेला संघ सातव्या स्थानावर असताना, एप्रिल २०१४ मध्ये, मॉइज यांची उचलबांगडी झाली. संघ वयस्क झाला होता हे खरे. पण सव्वीस वर्षे सूत्रे सांभाळलेला माणूस जात असताना त्याच उन्हाळ्यात उरलेली स्मृतीही घालवून बसणे, ही टाळता येण्याजोगी चूक होती.

तिसरे उदाहरण सर्वांत गुंतागुंतीचे आणि म्हणून सर्वांत बोधप्रद आहे. स्टीव्हन जेरार्ड यांनी स्कॉटलंडमधील रेंजर्सला २०२०–२१ मध्ये ३८ सामन्यांत एकही पराभव न पत्करता, फक्त १३ गोल स्वीकारून लीग जिंकून दिली, तेव्हा मैदानावरची आखणी मायकेल बील यांच्याकडे असल्याचे सर्वश्रुत होते. दोघे मिळून नोव्हेंबर २०२१ मध्ये अॅस्टन व्हिलात गेले. जून २०२२ मध्ये बील स्वतंत्रपणे मुख्य प्रशिक्षक व्हायला निघून गेले आणि ऑक्टोबरमध्ये जेरार्ड यांना पद सोडावे लागले. इथवरची गोष्ट सहाय्यकाच्या महतीची वाटते. परंतु बील यांच्या जागी आणलेले नील क्रिचली हे ब्लॅकपूलचे मुख्य प्रशिक्षकपद भूषवून आलेले, म्हणजे कागदावर अधिक अनुभवी होते, आणि त्याने काही साधले नाही. दुसरीकडे बील यांनाही पुढे रेंजर्स आणि संडरलँड या दोन्ही ठिकाणांहून लवकरच पायउतार व्हावे लागले. यातून एवढे नक्की दिसते की अनुभव ही एकट्या माणसाच्या खिशातली सुटी नाणी नव्हेत; दोन माणसांच्या उणिवा एकमेकांच्या गुणांनी भरून निघतात तिथे ते मोल निर्माण होते आणि जोडी फुटली की दोघांकडूनही निसटते.

मग हे मोल आकड्यांत मांडता येते काय? मुख्य प्रशिक्षक बदलण्याच्या परिणामांवर बरेच संशोधन झाले आहे. बास तेर वेल यांनी नेदरलँड्सच्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास केला, तर अँड्रियास हॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीच्या बुंडेसलीगाचा. दोन्ही अभ्यासांचा निष्कर्ष असा की हंगामाच्या मध्यात प्रशिक्षक बदलल्याने संघ सुधारतो हा बहुतांशी आभास असतो. वाईट दैवाचा काळ सरला की संघ आपल्या सरासरीकडे परततो आणि त्याचे श्रेय नव्या माणसाला मिळते. मुख्य प्रशिक्षकाचा प्रभाव वेगळा काढणे जिथे इतके अवघड, तिथे सहाय्यकाचा प्रभाव वेगळा काढणे जवळजवळ अशक्य आहे, कारण दोघे बहुधा एकत्र येतात आणि एकत्र जातात. हुआनमा लियो यांचे उदाहरण घ्यावे. २९ व्या वर्षी स्पेनच्या वरच्या विभागात संघ सांभाळलेले आणि मेक्सिकोत पेप ग्वार्डिओला यांना खेळाडू म्हणून हाताळलेले लियो २०२० मध्ये मँचेस्टर सिटीत त्यांचे सहाय्यक झाले. त्या हंगामात रडतखडत सुरुवात केलेल्या संघाने पुढे सलग २१ सामने जिंकले आणि चेंडू सावकाश, संयमाने फिरवण्याच्या त्या पद्धतीत लियो यांचा हात अनेकांना दिसला. मात्र सिटीने तिहेरी विजेतेपद मिळवले ते २०२२–२३ मध्ये, म्हणजे लियो संघात नव्हते त्या एकाच मधल्या हंगामात. एका उदाहरणावरून नियम काढणाऱ्याची इथे दोन्हीकडून पंचाईत होते.

मुख्य पदाचा अनुभव असलेला ज्येष्ठ माणूस तरुणाच्या शेजारी बसवावा, हा आता बराच रुळलेला उपाय आहे, पण तो रामबाण नाही. मँचेस्टर युनायटेडमध्ये एरिक टेन हाग यांनी २०२२ मध्ये मॅक्लारेन यांना सोबत घेतले. नेदरलँड्समधील ट्वेंटे क्लबमध्ये टेन हाग एकेकाळी याच मॅक्लारेन यांचे सहाय्यक होते. दोन हंगामांत दोन चषक आले, तरी लीगमध्ये संघ आठव्या स्थानापर्यंत घसरला. याउलट २०२२ चा विश्वचषक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या लिओनेल स्कालोनी यांच्याभोवती पाब्लो आयमार, वॉल्टर सॅम्युएल आणि रोबेर्तो आयाला हे होते, ज्यांच्यापैकी कोणीही बाकावर केस पिकवलेले नव्हते. त्यांचा अनुभव खेळाडू म्हणून होता आणि निळ्यापांढऱ्या जर्सीचे ओझे काय असते ते त्यांना ठाऊक होते. हवा असलेला अनुभव कोणता, ते संघाच्या गरजेवर ठरते.

जर्मनीने या बाबतीत सर्वांत पद्धतशीर वाट चोखाळली. योआखिम ल्यॉव हे २००४ ते २००६ युर्गेन क्लिन्समन यांचे सहाय्यक होते आणि तेथूनच राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचे सहाय्यक हान्सी फ्लिक हे २०१४ च्या विश्वविजयापर्यंत आठ वर्षे त्यांच्यासोबत राहिले. फ्री किक, कॉर्नर असा थांबलेला चेंडू पुन्हा खेळात आणण्याच्या प्रसंगांना सेट पीस म्हणतात, आणि त्यांच्या सरावासाठी फ्लिक यांनी आग्रह धरला. फ्रान्सविरुद्ध माट्स हुमेल्स यांचा विजयी गोल फ्री किकवर आणि ब्राझीलविरुद्ध थॉमस म्युलर यांचा पहिला गोल कॉर्नरवर आला. फ्लिक २०१९ मध्ये बायर्न म्युनिकचे सहाय्यक म्हणून आले, नोव्हेंबरमध्ये निको कोवाच यांच्या जागी बसले आणि ऑगस्ट २०२० पर्यंत तिन्ही मोठी विजेतेपदे जिंकून मोकळे झाले.

आज मोठ्या क्लबांत सेट पीससाठी वेगळा प्रशिक्षक असतो, लिव्हरपूलने तर २०१८ मध्ये थ्रो-इनसाठी थॉमस ग्रोनेमार्क यांची नेमणूक केली, आणि विश्लेषक, शरीरशास्त्रज्ञ, गोलरक्षकांचे प्रशिक्षक अशी फौज बाकामागे उभी असते. तज्ज्ञ जितके वाढतील तितका त्यांचे म्हणणे एकत्र गुंफून मुख्य प्रशिक्षकापुढे तीन वाक्यांत ठेवणारा माणूस अधिक लागतो, आणि त्याहूनही अधिक लागतो तो ‘हे चुकते आहे’ असे बंद दाराआड स्पष्ट सांगू शकणारा. ज्याला स्वतःला काही सिद्ध करायचे उरलेले नाही, तोच हे निर्भयपणे सांगू शकतो. वरच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला सहाय्यक, कितीही जाणता असला, तरी त्याच्या सल्ल्याला शंकेचा वास येतो.

भारतात इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून मुख्य प्रशिक्षक परदेशी आणि त्याच्या हाताखाली भारतीय सहाय्यक, अशी रचना बहुतेक क्लबांत रूढ झाली. परदेशी प्रशिक्षक दोन-तीन हंगामांत बदलतात; खेळाडूंची भाषा, त्यांची घरची परिस्थिती, राज्य संघटनांच्या स्पर्धा आणि मैदानांची अवस्था ठाऊक असलेला माणूस सहाय्यकच असतो. संकटकाळी तोच कामाला आल्याचे दाखले आहेत. एफसी गोवाने २०२० च्या जानेवारीअखेर सेर्जिओ लोबेरा यांना दूर केल्यावर गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा यांनी हंगामी सूत्रे घेतली, संघाने जमशेदपूरला ५–० असे नमवून साखळीतील अव्वल स्थान पटकावले आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीसाठी पात्र ठरलेला तो पहिला भारतीय क्लब झाला. हेच मिरांडा २०२३ मध्ये ओडिशाचे सहाय्यक असताना पुन्हा हंगामी मुख्य प्रशिक्षक झाले आणि एप्रिलमध्ये बेंगळुरूला २–१ असे हरवून त्यांनी ओडिशाला सुपर कप जिंकून दिला. मुंबई एफसीला अनेक वर्षे घडवलेले आणि २०१७ मध्ये आयझॉलला आय-लीग जिंकून दिलेले खालिद जमील नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहाय्यक होते. जानेवारी २०२१ मध्ये जेरार्ड नूस गेल्यावर त्यांनी साखळीतील उरलेल्या सामन्यांत संघ हरू दिला नाही आणि त्याच वर्षी सुपर लीगमधील पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरले.

राष्ट्रीय संघाचा दाखला याहूनही ठसठशीत आहे. २०२३ च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना दोनदा लाल कार्ड मिळाले. त्यामुळे नेपाळविरुद्धचा साखळी सामना, लेबननविरुद्धची उपांत्य लढत आणि ४ जुलै रोजी बेंगळुरूमध्ये कुवेतविरुद्ध झालेला अंतिम सामना अशा तीनही वेळी बाकाची सूत्रे सहाय्यक महेश गवळी यांच्याकडे होती. गोव्याचा हा एकेकाळचा खंदा बचावपटू. त्यांच्या देखरेखीखाली नेपाळ २–० ने हरला आणि शेवटच्या दोन्ही लढती भारताने पेनल्टींवर जिंकल्या. करंडक मिळवून देणाऱ्या बाकावरचा माणूस म्हणून त्यांचे नाव किती जणांच्या लक्षात आहे, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०११–१२ मधील गोव्याचे साव्हिओ मेदेरा यांच्यानंतर या पदावर भारतीय माणूस प्रथमच आला. अशी माणसे पुढेही हवी असतील, तर क्लबांनी भारतीय सहाय्यकाला दुभाषा किंवा शंकू मांडणारा मदतनीस म्हणून राबवणे थांबवावे, सरावाचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या अभ्यासाचा ठरावीक भाग त्याच्या स्वाधीन करावा आणि त्याचा करार मुख्य प्रशिक्षकाच्या कराराला बांधून न ठेवता क्लबशी स्वतंत्रपणे, किमान तीन हंगामांसाठी, करावा.